हातांनी ऐकलेलं पुस्तक

बातमी आली तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. सकाळी नेरेयदाबाईंनी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र वाचून दाखवलं. वादळानंतर कोणत्या गावात वीज आली, कुठे अजून अंधार आहे, बेसबॉलमध्ये पिनारचा संघ कसा हरला. हरल्याची बातमी सुरू होताच मागच्या रांगेतून चेंचो ओरडला, "पुढचं पान घ्या बाई! हे आम्हाला कालच कळलं, आणि रडूनही झालं." सगळं दालन हसलं. मग जेवणाची सुट्टी झाली. भात, काळा घेवडा आणि वर घोटभर कॉफी घेऊन माणसं आपापल्या मेजाशी परतली, आणि दुपारची पाळी सुरू झाली. दुपारची पाळी माझी.

मी एक पुस्तक आहे. पिनार देल रीओ या गावातल्या चुरुटाच्या कारखान्यात मला मोठ्यानं वाचलं जातं. तिथली माणसं दिवसभर तंबाखूची पानं वळतात आणि वळता वळता ऐकतात. त्यांच्यासमोर एक उंच चौथरा आहे, चौथऱ्यावर खुर्ची आणि खुर्चीत नेरेयदाबाई. वाचून दाखवणं हीच त्यांची नोकरी.

त्या दुपारी मी त्यांच्या हातात मधोमध उघडा होतो. देखरेख करणारे साहेब चौथऱ्याच्या पायऱ्या चढून आले आणि बाईंच्या कानाशी वाकले. बाई वाक्याच्या मध्येच थांबल्या.

या दालनात असं होत नाही. वीज गेली तरी नेरेयदाबाई हातातलं वाक्य पुरं करतात. त्यामुळे सगळे हात थांबले. बाई समोरच्या ध्वनिक्षेपकावर काही बोलल्या नाहीत. माझ्यात बोट घालून मला तसंच मिटलं, खाली उतरल्या आणि तिसऱ्या रांगेतल्या झोराईदाच्या मेजाशी जाऊन उभ्या राहिल्या.

झोराईदानं वर पाहिलं. "कोण?" एवढंच विचारलं.

"ओस्निएल," बाई म्हणाल्या.

ओस्निएल तिचा मुलगा. विजेच्या तारा जोडणारा. वादळानंतर किनाऱ्याकडच्या गावांत खांब उभे करायला गेला होता.

झोराईदाच्या हातात अर्धवट वळलेला चुरूट होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. वरचं पान शेवटपर्यंत गुंडाळलं, टोकाला पानाचीच छोटी टोपी चिकटवली, पात्यानं दुसरं टोक कापलं आणि चुरूट ओळीत ठेवला. मग अंगावरचा एप्रन सोडला आणि म्हणाली, "चला."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो.

आता माझी नीट ओळख करून देतो, कारण या गोष्टीत मी नुसता पाहणारा नाही.

मला एवेलिओ मास्तरांनी लिहिलं. गावच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. त्यांची बायको अंपारो शिवणकाम करायची. ती गेल्यावर मास्तर बरेच महिने कोणाशी फारसं बोलले नाहीत. जे बोलायचं होतं ते कागदावर उतरत गेलं, आणि त्याचा मी झालो. अंगानं बारीक, कागदानं पिवळट. मुखपृष्ठ निळं व्हायचं होतं, पण छापखान्यात शाई कमी पडली आणि मी हिरवट करडा झालो. मला त्याची लाज नाही. सोनेरी अक्षरांची जाडजूड पुस्तकं मी पाहिली आहेत. कपाटात उभी असतात बिचारी, न उघडता.

माझ्यात मास्तरांनी उपदेश केलेला नाही. बायको गेल्यावर पाववाल्याच्या दुकानात आपल्याला आता काय म्हणून ओळखायचं, कारण इतकी वर्षं आपण 'अंपारोचे मास्तर' होतो, असल्या गोष्टी त्यांनी लिहिल्या. देवावर त्यांचा विश्वास नव्हता. बायकोचा होता. ती रोज मेरीमातेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची. ती गेल्यावर मास्तर लावू लागले. 'देवाशी माझी ओळख होती ती बायकोमार्फत,' असं त्यांनी लिहिलंय. 'आता मधलं माणूस उठून गेलं. आम्ही दोघं समोरासमोर बसून आहोत, आणि आधी कोणी बोलायचं तेच कळत नाही.'

कारखान्यात कोणतं पुस्तक वाचायचं हे बाई ठरवत नाहीत, साहेबही ठरवत नाहीत. चुरूट वळणारी माणसं हात वर करून ठरवतात. माझ्या वेळी समोर एक समुद्री चाच्यांची कादंबरी होती आणि एक खुनाच्या तपासाची. बाईंनी माझ्याबद्दल दोन शब्द सांगितले तसा चेंचो म्हणाला, "मेलेल्या बायकोवर अख्खं पुस्तक? माझी जिवंत आहे, तिच्यावर मला एक ओळ सुचत नाही!"

"सुचली तरी लिहू नकोस," झोराईदा मेजावरून म्हणाली. "वाचल्यावर ती तुला घरात घेणार नाही."

हसण्याच्या त्या भरात हात वर झाले आणि मी निवडून आलो. थोडक्या मतांनी आलो, पण आलो. छापलेली किती पुस्तकं छातीवर हात ठेवून सांगू शकतील की आम्हाला माणसांनी मतं देऊन निवडलं?

आणि पात्यांबद्दल सांगायलाच हवं. चुरूट कापायचं एक रुंद, चपटं पातं प्रत्येकाच्या हाताशी असतं. वाचलेलं मनाला भिडलं की ते पातं लाकडी फळीवर वाजवतात. देवासमोर बसून राहिल्याचं ते वाक्य बाईंनी वाचलं तेव्हा आधी एक पातं वाजलं, मग दहा, मग सगळं दालन. माझी पानं बाईंच्या हातात थरथरली. त्या आवाजाची सर दुसऱ्या कशालाही नाही.

झोराईदा मुलाच्या दुखवट्याच्या रजेवर गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी मला उघडलं, पण वाचायला सुरुवात होईना. चेंचोच उभा राहिला. "बाई, ती परत आली की तिला हे ऐकवायचं? मेणबत्त्या, कबर, रिकामी खुर्ची? माणसं आहोत का कोण आपण? थांबवा हे."

"तिला विचारावं का?" बाई म्हणाल्या.

"हे काय विचारायचं असतं?"

हात वर झाले. सगळे झाले. या दालनातली माणसं दुःखातल्या माणसाला एकटं सोडत नाहीत. तिच्या घरी भात घेऊन जातात, तिच्या वाटचे चुरूट वळून ठेवतात. इथं सवय अशी आहे की जे करायचं ते सगळ्यांनी मिळून. म्हणून तिच्या वाटचं ठरवूनही टाकलं.

मी चौथऱ्यामागच्या कपाटात गेलो. वर जुनी वर्तमानपत्रं आली. बाहेरून खुनाच्या तपासाची कादंबरी ऐकू यायची. अधूनमधून पातीही वाजायची. दमट हवेनं माझ्या कडा फुगल्या, एका कोपऱ्याला कसर लागली. मला राग नव्हता. माणसांच्या मायेनं मला बाजूला ठेवलं होतं, तिरस्कारानं नाही. पण माझ्यात जे होतं ते नेमकं त्याच दिवसांसाठी लिहिलेलं होतं, हेही मला ठाऊक होतं.

झोराईदा परत आली. दोन दिवस ती खाली मान घालून वळत राहिली. तिसऱ्या दिवशी कॉफीच्या सुट्टीत ती चौथऱ्यापाशी आली.

"मास्तरांचं पुस्तक कुठंय?"

नेरेयदाबाईंना खोटं बोलता येत नाही. "थांबवलं," त्या म्हणाल्या.

"कोणी?"

"सगळ्यांनी. हात वर करून."

"आणि माझा हात कोणी वर केला?"

चेंचो पुढे आला. "अगं, तुझ्यासाठीच केलं आम्ही."

"माझ्यासाठी तू काय काय सोडणार आहेस रे, चेंचो? मला चिडवायचं सोडलंस, बेसबॉलचं नाव काढत नाहीस, माझ्याशी बोलताना आवाज असा करतोस की जसं काही मी ताप आलेलं पोर आहे. मला वाटायला लागलंय, मीच मेलेय आणि तुम्ही सगळे माझ्या दुखवट्याला बसलायत."

चेंचोनं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"असं कर," नेरेयदाबाई हळूच म्हणाल्या, "घरी घेऊन जा. सावकाश वाच."

"घरी नाही जमत, बाई. घरी वाचायला बसलं की हात रिकामे राहतात. रिकाम्या हातांनी असलं काही ऐकवत नाही मला. इथं हातांना काम असतं, मग कान ऐकतात."

"पण मग खून कोणी केला ते कळायचं राहील," मागून कोणीतरी कुरकुरलं.

"माळ्यानं केला," झोराईदा म्हणाली. "सकाळी मी शेवटचं पान बघितलंय. आता गप बस."

दालन हसलं, पण आधी घाबरत, तिच्याकडे बघत. तीही हसली. मग मोकळेपणानं हसलं.

मला कपाटातून काढलं, फडक्यानं पुसलं. दुपारी बाईंनी मला पुन्हा उघडलं, जिथं वाक्य तुटलं होतं तिथंच. ते वाक्य त्यांनी सुरुवातीपासून वाचलं आणि पुरं केलं.

झोराईदानं आपल्या घरची मेरीमातेची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. ती हे शेजारच्या मेजावरच्या बाईला सांगत होती, म्हणून मला कळलं. "मुलगा दुसऱ्यांच्या घरात उजेड द्यायला गेला होता," ती म्हणाली. "हिनं त्याच्याकडे बघितलं नाही. मग मी तरी हिच्याकडे का बघू?" कोणी तिला समजावलं नाही. माझ्यात एक प्रकरण आहे, ज्यात मास्तर मेणबत्ती लावायला उठतात, काडी ओढतात, आणि न लावताच विझवतात. रागानं. ते वाचलं गेलं त्या दिवशी एकच पातं वाजलं. तिचं. बाकी सगळे गप्प राहिले, आणि ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेजारणीला म्हणाली, "तोंड अजून भिंतीकडेच आहे. पण धूळ पुसली."

एवढ्यासाठी एखादं पुस्तक छापलं गेलं असेल, तर शाई आणि कागद वाया गेले असं म्हणता येणार नाही.

गावातल्याच लेखकाचं पुस्तक असलं की शेवटच्या प्रकरणाला त्याला बोलावायची इथं पद्धत आहे. एवेलिओ मास्तर आले. पांढरा सदरा, एक बाही नीट इस्त्री केलेली, दुसरी चुरगळलेली. बाईंनी त्यांना आपल्या शेजारी खुर्ची दिली. मी बाईंच्या मांडीवर होतो, आणि खरं सांगतो, मी फुगलो होतो. ज्यानं मला लिहिलं त्याच्यासमोर मला ऐकलं जाणार होतं.

बाई सुरुवात करणार तोच झोराईदानं हात वर केला. "मास्तर, आधी एक विचारू?"

"विचारा ना."

"शेवटी काय होतं?"

मास्तर जरा गोंधळले. "शेवटी माणूस सावरतो."

"कोण माणूस?"

"म्हणजे... मी."

"सावरलात?"

तेवढ्यात चेंचो शेजाऱ्याला म्हणाला, "सदऱ्याची डावी बाही बघ की." त्याला वाटलं हळू बोललो, पण त्या दालनात आवाज लपत नाही. माणसं हसली. मास्तरांनी आपली बाही पाहिली आणि तेही हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला.

"आमच्या हिला उजवी बाही आधी इस्त्री करायची सवय होती," ते म्हणाले. "मी तेवढी शिकलो. डावीपर्यंत पोचेस्तोवर कंटाळा येतो." मग चष्मा घालून ते झोराईदाकडे वळले. "बाई, पुस्तकाला शेवट लागतो. छापखान्याचा दिवस ठरला होता. मला वाटलं, सावरलो असं लिहून ठेवावं, मग हळूहळू तसं होईल."

"झालं?"

"नाही अजून."

"मग नका वाचू," झोराईदा म्हणाली. आवाजात राग नव्हता. "जे झालं नाही ते ऐकून मी काय करू? मला वाटेल, माझंच काही चुकतंय."

मास्तरांनी मान हलवली. बाईंच्या मांडीवरून मला उचललं, शेवटचं प्रकरण काढून क्षणभर पाहिलं आणि मिटलं. "बरोबर आहे तुमचं. हे प्रकरण मी परत लिहितो. जसं आहे तसं. आणि स्वतः येऊन वाचतो."

पाती वाजली. इतकी वाजली की रस्त्यावरची माणसं खिडक्यांतून डोकावली. आयुष्यात मला मिळालेला सगळ्यात मोठा कडकडाट हा, आणि तो न वाचलेल्या पानांना मिळाला. लबाडी सोडून दिल्याबद्दल पुस्तकाला मान मिळतो, हे मी त्या दिवशी शिकलो. त्याचा मला अभिमान वाटतो.

त्यानंतर मास्तर अधूनमधून यायचे. मागच्या खुर्चीवर बसून दुसरी पुस्तकं ऐकायचे. झोराईदा विचारायची, "कुठपर्यंत आलं?" ते म्हणायचे, "सुरुवात चार वेळा झाली. चारही वेळा मी पुन्हा शहाण्यासारखं लिहायला लागलो." ती म्हणायची, "मग घाई करू नका." सुट्टीत ती त्यांना आपल्यातली पेरूची वडी द्यायची आणि दोघं फारसं न बोलता खायची.

मी आता चौथऱ्यावरच्या फळीवर असतो, कपाटात नाही. माझी पाठ उसवली होती, ती चेंचोनं चुरुटाच्या डिंकानं चिकटवली. त्यामुळे मला तंबाखूचा वास येतो आणि तो मला शोभतो. झोराईदा तिसऱ्या रांगेतच आहे. या दालनात कोणाचं माणूस गेलं, की आता आधी ज्याचं गेलं त्याला विचारतात, काय वाचायचं. पुष्कळदा ते माझ्याकडे बोट दाखवतात. बाई मला पहिल्या पानापासून वाचतात, आणि शेवटच्या प्रकरणाच्या आधी मिटतात.

एवेलिओ मास्तर गेल्या मार्चमध्ये गेले. ते प्रकरण त्यांनी पुन्हा लिहिलं नाही.