रेकॉर्ड चालू असताना

तात्यांचा सगळा जीव जॅझच्या जुन्या रेकॉर्डींत. घराची लाकडी जमीन जरा हलली तरी सुई उडायची आणि खापर बायकोच्या पावलांवर फुटायचं. म्हणून रेकॉर्ड लागली की ती बिचारी असेल तिथेच बसून राहायची.

त्या संध्याकाळी ट्रम्पेट थांबल्यावर तात्या चहा मागायला स्वयंपाकघरात गेले, तर ती स्टुलावर छाती धरून, घामाने डबडबलेली.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"यांनी रेकॉर्ड लावली तेव्हापासून. हाक मारली, पण ऐकू गेली नाही."

"अगं, मग उठून यायचं ना!" तात्या तिथेही खेकसले.

ती दचकली. म्हणाली, "सुई उडाली असती ना."