नावड्याला न्यायचा खोका

पावणे एमआयडीसीतली कंपनी पावसाळ्यात बंद पडली आणि तेव्हापासून दिनानाथ साळवे घरीच होते. नाताळ आला तो हात आखडूनच. एरवी त्यांची बायको जयमाला वाशीहून वेताच्या टोपल्या आणायची आणि बेकरीचा केक, अक्रोड, घरच्या करंज्या त्यात भरून नेरूळच्या त्यांच्या सोसायटीत घरोघरी द्यायची. सत्त्याण्णवच्या त्या वर्षी टोपल्यांचं नाव काढायची सोय नव्हती. पण काहीच द्यायचं नाही, हेही तिच्याच्यानं होईना. दिवाळी संपताच तिनं शेजारणींना सांगून ठेवलं, "मिठाईचे खोके टाकू नका गं, मला हवेत."

मग खोके आले. तिनं ते पुसून घेतले, खळ शिजवून त्यांवर लाल कागद चिकटवला. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून रव्याचे केक भाजले. वीज गेल्यावर लावलेल्या मेणबत्त्यांची थोटकं डबाभर साठली होती. ती वितळवून वाट्यांमध्ये ओतली आणि वाती घातल्या. दिनानाथ नोकरीत असताना स्वयंपाकघरात कधी फिरकायचे नाहीत. आता ते ओट्याला टेकून जुन्या लग्नपत्रिकांच्या चांदण्या कापत बसायचे. कात्री चालवताना मात्र त्यांचं तोंड एखाद्या शिक्षा झालेल्या माणसासारखं असायचं.

"हा एक खोका जास्तीचा दिसतोय," ते म्हणाले.

"असू दे. ऐन वेळी कोणी आलं तर."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कात्री उचलली.

तो खोका प्राचीचा होता, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा. गेल्या वर्षी तिनं संघर्षशी कोर्टात लग्न केलं. मुलगा बौद्ध, तळोज्याच्या कारखान्यात नोकरीला, स्वभावानं शांत. जयमालाला तो आवडलाही होता. पण दिनानाथांनी एकच धरून ठेवलं, "लग्न चर्चमध्ये नाही, तर मला मुलगी नाही." प्राची त्या कारखान्याजवळ नावड्याला राहायला गेली आणि या घरात तिचं नाव घ्यायचं बंद झालं.

ऑगस्टमध्ये शेजारच्या मोहिते वहिनींकडे तिचा फोन आला होता. "आई, मला दिवस गेलेत. डिसेंबरात होईल बाळ. बाबांना सांग ना."

"सांगते," जयमाला म्हणाली होती. पण कंपनी नुकतीच बंद पडलेली, दिनानाथ अन्नावर रागावल्यासारखे जेवायचे. आज नको, उद्या सांगू, असं करता करता महिने गेले. प्राचीकडे फोन नव्हता आणि तिचाही पुन्हा आला नाही.

म्हणून जयमालानं त्या खोक्यात सगळ्यांत खाली झबलं आणि टोपडं ठेवलं. आपली मऊ झालेली सुती साडी फाडून तिनं ती हातानं शिवली होती. वर डिंकाचे लाडू, केक आणि करंज्या ठेवल्या.

चोवीस तारखेला सकाळी, चर्चमधल्या बायकांसोबत काम आहे असं सांगून ती निघाली. कळंबोलीपर्यंत बस आणि पुढे सहा आसनी रिक्षा. खोका मांडीवर धरून ती वाटभर हिशेब लावत होती. बाळ झालं असेल की व्हायचं असेल? कोणासारखं असेल? बाळाला पाहून हे विरघळतील का? नावड्याला कारखान्यांचा उग्र वास घशाशी आला तेव्हा तिला वाटलं, या हवेत बाळंतीण ठेवायला नको, घरीच नेऊ.

चाळीच्या दारात घरमालकीण गोजरा सुकट निवडत होती. तिनं खोक्याकडे पाहिलं, मग जयमालाच्या तोंडाकडे.

"तू तिची आय हाय का?"

"हो."

"लय उशीर केलास गो." गोजरानं सूप बाजूला ठेवलं. "पोरगा व्हता. मेलेलाच आला. पंधरवडा झाला असंल. कुनी नव्हता तिच्याजवल, मीच व्हते."

गोजरानं तिला दंडाला धरून आत नेलं.

प्राची भिंतीकडे तोंड करून झोपली होती. आईला पाहून ती उठून बसली. तिचा ब्लाउज पुढून ओला झाला होता.

"आई, दूध थांबत नाही गं," ती म्हणाली.

जयमालानं दार लोटून घेतलं. गोजराकडून जुनं लुगडं मागितलं, त्याच्या पट्ट्या फाडल्या आणि मुलीची छाती घट्ट बांधली. गाठ नीट बसली. मग पाणी आणायला ती मोरीत गेली, आणि परतली तेव्हा प्राचीनं खोका उघडलेला होता. खोक्यातलं सगळं चटईवर होतं आणि झबलं तिच्या हातात.

"त्याच्या अंगावर काहीच नव्हतं," प्राची म्हणाली. "टॉवेलात गुंडाळून नेलं."

तेव्हा कुठे जयमाला रडली. प्राची रडली नाही. ती झबल्याच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली.

संध्याकाळी संघर्ष पाळीवरून आला. सासूला पाहून तो दारातच थांबला. "मी कळवणार होतो," तो म्हणाला, "पण ही म्हणाली, त्यांना मुलगीच नाही तर नातू कुठला."

"नाक्यावरून मोहिते वहिनींना फोन करा," जयमाला म्हणाली. "सगळं सांगा. मी इथंच राहणार आहे म्हणावं."

नाताळच्या दिवशी ती चर्चमध्ये नव्हती, असं जन्मात पहिल्यांदाच झालं. दुपारी तिनं मऊ भात केला आणि प्राचीला चार घास भरवले. तेवढ्यात बाहेर गोजराचा आवाज आला, "कोन पायजे?"

दिनानाथ होते. चर्चमधून थेट आले होते, अंगावर कोट तसाच होता. ते आत आले नाहीत. पायरीवर बसले. संघर्षनं पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं.

"मला फोनवरून कळलं," ते म्हणाले. "मला आधी कोणी काहीच सांगितलं नाही."

आत जयमालानं मान खाली घातली.

पेला खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कुठं ठेवलंय त्याला?"

"खाडीच्या अंगाला. गाववाल्यांनी जागा दिली," संघर्ष म्हणाला.

"दाखवाल मला?"

दोघं गेले. जयमाला दारात उभी राहून पाहत होती. संघर्ष पुढे, दिनानाथ मागे, मधे दोन हातांचं अंतर. दिवे लागल्यावर ते परतले. दिनानाथांनी चपला बाहेर काढल्या, या वेळी आत आले आणि प्राचीच्या अंथरुणाशी जमिनीवर बसले.

प्राचीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड वळवलं. दिनानाथ उठले नाहीत. कोट न काढता तिथंच बसून राहिले.