दुसरा मोजा

मोटारीने जायचं की आगगाडीने, यावरून गुड्रुन आणि तिच्या नवऱ्याचं, एकार्टचं, ब्रातिस्लावातच वाजलं होतं. आगगाडी बुडापेस्टला वेळेत पोहोचवणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण त्या काळी पूर्व जर्मनीत, त्यांच्या लाइपझिगमध्ये मोटारीसाठी नाव नोंदवलं, की ती दारात येईपर्यंत पोरं शाळा संपवायची. अशी मोटार परगावी सोडून एकार्टने आगगाडीत बसणं शक्यच नव्हतं. शिवाय ती मेव्हण्याला दाखवायची होती.

गुड्रुनचा हा भाऊ, फोल्कमार, बर्लिनची भिंत उभी राहिली त्या वर्षी पश्चिम जर्मनीत निसटला. परत आला असता तर थेट तुरुंगात. म्हणून सुट्टीत हंगेरीत भेटायचं, असं भावंडांच्या मावशीने मध्ये पडून ठरवलं. कितीतरी घरं तेव्हा अशीच परक्या देशात एकत्र यायची. फोल्कमारला मात्र एकच दिवस मिळाला होता. संध्याकाळी व्हिएन्नाची गाडी सुटेपर्यंत तो बुडापेस्टच्या स्टेशनासमोरच्या कॉफीघरात बसणार होता.

ग्यॉर गावाच्या अलीकडे मोटारीत फटकन आवाज झाला. पंख्याचा पट्टा तुटला होता. एकार्टने हात पुढे केला. तिकडच्या बायकांना त्या हाताचा अर्थ सांगावा लागत नसे. गुड्रुन झाडामागे गेली आणि उजव्या पायातला नायलॉनचा लांब मोजा काढून घेऊन आली. खास आजच्यासाठी जपलेली जोडी होती ती. एकार्टने पट्ट्याच्या जागी मोजा आवळून बांधला आणि मोटार निघाली.

"बघ," तो म्हणाला, "तुझ्या आगगाडीला जमलं असतं हे?"

ग्यॉरच्या स्टेशनाजवळ जळका वास आला आणि मोटार पुन्हा बसली. एकार्टने पुन्हा हात पुढे केला.

"दुसरा दे."

"तोही जळेल."

"या वेळी सावकाश नेतो."

"सावकाश नेलीस तर फोल्कमार निघून जाईल, एकार्ट."

स्टेशनातून घोषणा ऐकू आली. गुड्रुनला त्यातलं फक्त बुडापेस्ट कळलं.

"मी आगगाडीने जातेय. हा मोजा माझ्या पायातच राहील."

"आणि मी इथे मोटारीशी गप्पा मारू?"

"इतकी वर्षं तिची वाट पाहिलीस. बोल की आता काय ते."

एकार्टचा चेहरा पडला. मग त्याने मागचं झाकण उघडून खारवलेल्या काकड्यांची बरणी काढली. "त्याला आवडतात. आपटू नकोस."

गाडी प्रत्येक सिग्नलला रखडत गेली. बरणी मांडीवर घट्ट धरून गुड्रुन भावाचा चेहरा आठवत राहिली. आठवत होते ते फक्त दाट केस.

ती धापा टाकत कॉफीघरात शिरली, तेव्हा बरीच टेबलं रिकामी झाली होती. नावाने हाक मारायची सोय नव्हती. अशा ठिकाणी सरकारी हेरांचे कान ओळीने बसलेले असत. एक टकला माणूस बॅग उचलून दाराकडे आला. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून तशीच पुढे सरकली, खाली तिच्या पायांवर गेली आणि तिथेच थांबली. एका पायात मोजा, दुसरा उघडा.

"कुठे तुटला पट्टा?" त्याने हळूच विचारलं. बोली अस्सल लाइपझिगची होती.

"ग्यॉरच्या अलीकडे."

"आणि एकार्ट?"

"मोटारीपाशी बसलाय. ग्यॉरला."

फोल्कमारने तिच्या हातातून बरणी घेतली.

"माझी गाडी ग्यॉरवरूनच जाते, गुडी. चल, तिकीट काढू तुझं."