तांबीचा खुराक

तांबी पुन्हा वगळीत गेली होती.

इरम्मा तुरीच्या शेंगा तोडता तोडता कंबर धरून उभी राहिली, तर बांधावरच्या बाभळीला नुसतं दावं लोंबत होतं. तिनं ओटी तिथंच रिकामी केली अन् पदर खोचून उतार धरला. गाय कुठं असेल हे तिला धुंडाळावं लागत नव्हतं. गावातलं मेलेलं जनावर ओढून टाकायची ती घळ म्हणजे ही वगळ. गिधाडं आपलं काम करून गेली की हाडं उन्हात पांढरी होत पडायची, अन् वर्षातून एकदा ठेकेदाराची गाडी येऊन ती सोलापूरकडं घेऊन जायची. त्या हाडांच्या पसाऱ्यात तांबी उभी होती. डोळे मिटलेले. तोंडातलं नळीचं हाड या दाढेवरनं त्या दाढेवर फिरत होतं आणि लाळेच्या तारा पार खुरापर्यंत लोंबत होत्या.

"सोड माय, सोड," इरम्मा म्हणाली. "तुला काय कमी केलंय म्या?"

हाड ओढून काढताना तिचा हात लाळेनं भरला. गाय सोडायला तयार नव्हती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी तिची गत, अंगावरचे केस वाळल्या कुसळागत राठ, अन् त्यात पोटात अर्धे दिवस भरलेलं वासरू. याआधीची दोन गेली होती. एक मेलेलंच पडलं. दुसरं जितं होतं, पण पायात दम नव्हता. उभं राहायला बघायचं अन् गुडघ्यात मुडपून बसायचं, ते तसंच बसून गेलं.

वर बांधावर शेजारची द्वारकाबाई डोक्यावर सरपण घेऊन थांबली होती.

"अक्का, पुन्यांदा हाड खाऊलाली का गं?"

"व्हय."

"माझं ऐक. इकून टाक. हाड चघळणारी गाय घरधन्यावर उठती म्हनत्यात."

"म्हननाऱ्यांला म्हनू दे, बाई. चल, वाट दे."

पण गावाचं बोलणं वाऱ्याच्या आधी घरात पोचतं. संध्याकाळी शिवशरण मठातल्या अय्यांना भेटून आला तो मान खाली घालूनच. इरम्माचा नवरा मुळातच कमी बोलायचा. पाणी प्याला, तांब्या उपडा ठेवला, मग म्हणाला, "अय्या म्हनले, ऐतवारी बाजारात न्या तिला. लिंगायताच्या दावणीला असलं जनावर बरं न्हाय."

"बाजारात घील कोन तिला? कापनाराच की."

 तांबीची माय मेली तेव्हा शिवशरणानंच तिला पळीपळीनं दूध पाजून जगवलं होतं. त्यानं कंदिलाची काच पुसायला घेतली अन् "बघू" म्हणाला. त्याच्या "बघू"चा अर्थ इतक्या वर्षांत इरम्माला कधी लागला नव्हता.

भाकरी थापताना तिची नजर चुलीमागच्या भिंतीवर गेली. तिथला पोपडा आता लिंपून गेला होता. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तिला मातीची हाव सुटायची. भिंतीवर पाणी शिंपडलं की तोंडाला पाणी यायचं. सासू शेताला गेली की ती नखानं पोपडे काढून खायची. एक दिवस सापडली. "घर खाणारी अवदसा आनली" म्हणत सासूनं तिच्या तोंडाला फडकं बांधलं होतं. ते मूल राहिलं नाही. त्यामागचंही राहिलं नाही. मग पुन्हा कूस उजवलीच नाही. सासू गेली, फडकं गेलं, पण तिचं अंग तेव्हा काय मागत होतं हे कुणी विचारलं नव्हतं. तिलाही सांगता आलं नसतं.

"उद्या म्या तिला नळदुर्गाला न्हेते," ती पाठमोरीच म्हणाली. "ढोराच्या दवाखान्यात."

"चालवंल का तिला?"

"चालंल हळूहळू. मला तरी कुटं पळायचंय."

हैदराबादच्या सडकेवरनं मालमोटारी अंगावर धूळ उडवीत जात होत्या. दर मोटारीला तांबी बिचकायची अन् इरम्मा तिच्या गळ्यात हात घालून उभी राहायची. पोचायला दुपार झाली. दवाखान्यातले वसंतराव डॉक्टर वयानं कोवळे होते, पण घाईचे नव्हते. त्यांनी गाईच्या पापण्या उलटून बघितल्या, दात बघितले, गुडघे दाबले.

"काय घालता हिला?"

"कडबा. दुसरं काय घालणार साहेब."

"बाई, गाय बिघडलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "तिच्या अंगात क्षार नाहीत. पोटातल्या वासराची हाडं हिच्याच हाडांतून बनतात. दुष्काळातल्या कडब्यात कस नसतो, म्हणून ती मिळेल तिथनं भरून काढायला बघते. पण वगळीतल्या सडक्या हाडात विष असतं. त्यानं ती एक दिवस मान टाकेल अन् मग कुणाच्या हाती काही राहणार नाही."

त्यांनी डब्यातनं करडी भुकटी काढली. रोज एक मूठ, पेंडीत मिठाबरोबर कालवून. वासरू होईपर्यंत, अन् पुढंही. चार दिवसांत गुण विचारू नका म्हणाले. इरम्मानं ती बोटावर घेऊन हुंगली. वास काहीच नव्हता.

"कशाची हाय ही?"

डॉक्टरांचं लक्ष तिच्या गळ्यातल्या लिंगाकडं गेलं.  लबाडी करायला किती वेळ लागतो, पण त्यांनी केली नाही.

"चुनखडी आहे, थोडं लोखंड, तांबं आहे. अन् हाडं आहेत. वाफेवर शिजवून, दळून केलेली. तुमच्या गावची गाडी सोलापूरला जाते ना, तशाच हाडांची."

इरम्मानं बोट पदराला पुसलं.

"दुसरं काय न्हाय का?"

"गव्हाचा कोंडा रोज टोपलीभर घालता आला तर बरंच भागेल."

ती हसली. गहू त्यांच्या घरात सणालाही पायलीनं येत नव्हता. बराच वेळ ती दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली. समोर तांबी दवाखान्याच्या भिंतीचा चुना चाटत होती. मग इरम्मा उठली अन् तिनं पिशवी पुढं केली.

घरी आल्यावर तिनं काही लपवलं नाही. पिशवी गोठ्याच्या खुंटीला अडकवली अन् आत काय आहे ते सांगितलं. शिवशरण उंबऱ्यावर बसला होता. त्यानं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. मग म्हणाला, "माझ्या हातानं म्या घालणार न्हाय. तू घातलंस तर आंघुळ केल्याबिगर चुलीला शिवायचं न्हाय."

इतकंच. तिनं ती परवानगी समजली.

त्या दिवसापासनं तिच्या कामात एक काम वाढलं. शेतावरनं यायचं, घागर घेऊन विहिरीला जायचं, पेंड कालवायची, गाईसमोर ठेवायची, अन् मग पौषाच्या गारठ्यात अंगावर गार पाणी ओतून घेऊन ओल्या केसानं चुलीपाशी बसायचं. पाणी तापवायचं तर चुलीला शिवावं लागतं, अन् आधी तापवून ठेवायला दुसऱ्यांदा चूल पेटवण्याइतकं सरपण नव्हतं. हाडापर्यंत थंडी जायची. भाकरी थापताना दात वाजायचे. कुणासाठी करतो आपण हे, असं तिला रोज वाटायचं, अन् रोज ती मूठ भरायची.

द्वारकाबाईनं एकदा विचारलं, "इतक्या थंडीचं दुसऱ्यांदा काहून न्हातीस गं?" इरम्मा थकली होती. खोटं रचायलाही बळ लागतं. तिनं खरं ते सांगून टाकलं.

पुढच्या सोमवारी वीरभद्र अय्या दारात आले. भिक्षेची झोळी त्यांनी पुढं केली नाही. "शिवशरणा," ते रागानं नव्हे, आजारी माणसाशी बोलावं तसे बोलले, "गाय याली तरी तुज्या घरचं दूध मठाला नको."

बापजाद्यापासनं त्या घरची पहिली धार मठाला जायची. शिवशरणानं हात जोडले.  आत येऊन तो इरम्माला बोलला असता तर बरं झालं असतं. तीही त्याला बोलली असती. दोघं आपापल्या भाकरीकडं बघत जेवली. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण एका घरात दोघांचं जळत असलं की कुणी कुणाला सांगायचं?

माघ सरत आला तसं तांबीचं वगळीकडं ओढ घेणं कमी झालं. एक दिवस दावं सुटलं तरी ती बाभळीखालीच रवंथ करत बसली होती. केस बसले, अंगावर तुकतुकी आली. हात फिरवला तर बरगडी शोधावी लागायची. इरम्मानं ते पाहिलं, पण आनंद करायला तिच्यात त्राण उरलं नव्हतं. शिमग्याच्या तोंडाला ती तापानं पडली.

सांजवेळी ती वाकळ पांघरून पडली असताना गोठ्यातनं पाटीचा आवाज आला. मग पेंड मळल्याचा. तिनं मान उचलली. दारातनं शिवशरणाची पाठ दिसत होती.

"लई घालू नका," ती म्हणाली. "एकच मूठ."

"ठाव हाय. रोज बघतो की."

थोड्या वेळानं भिंतीमागं पाणी ओतल्याचा आवाज आला. गार पाण्यानं त्याचा श्वास अडकलेला तिला ऐकू आला. तो आत आला तेव्हा अंगभर काटा फुलला होता. त्यानं चूल पेटवली, कण्या शिजायला ठेवल्या अन् हात शेकत बसला.

"इतकं गार असतं व्हय," तो म्हणाला.

इरम्मानं कूस बदलली. तिला रडू येत होतं अन् ते त्याला दाखवायचं नव्हतं.

ती बरी झाल्यावरही पाटी त्यानं परत दिली नाही.

वैशाखात, ऊन कलताना, तांबी याली. खोंड झालं, आईसारखंच तांबडं. शिवशरणानं त्याच्या नाकातोंडाचा चिकटा काढला अन् दोघं बाजूला सरली. वासरू धडपडलं, पडलं. इरम्मानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते चारी पायांवर हलत उभं होतं अन् कास सोडून भलतीकडंच ढुसण्या देत होतं. शिवशरणानं त्याचे गुडघे एकेक करून दाबले. परत एकदा दाबले.

"टणक हायेत," तो म्हणाला.

चिकाचा खरवस झाला. इरम्मा वाटी घेऊन द्वारकाबाईकडं गेली. तिनं दाराआडनंच, डोळे चुकवत, "आज उपास हाय गं अक्का," असं सांगितलं. त्या दिवशी उपास कसला नव्हता. आणखी एका दारी जायचं इरम्माच्या पायांनी नाकारलं.

पुढं दूध सुरू झालं. वासराचं पोट भरून चरवी निम्मी व्हायची. मठाला नको, शेजाराला नको. सासू होती तेव्हा मठाचं झालं की उरलेलं रतिबाला जायचं, त्यातनं वाचलं तर गड्यामाणसांच्या चहाला. सुनेनं दूध प्यावं अशी त्या घरात रीतच नव्हती. आता रतीबही कुणी लावीना.

एका सकाळी शिवशरणानं धार काढली अन् चरवी घेऊन तो उंबऱ्यात घुटमळला. मग फडताळातला पितळी पेला काढून काठोकाठ भरला अन् इरम्मापुढं धरला.

"पी."

"म्या?"

"मग कोन पिनार हाय?"

"तुमी घ्या आधी."

"मी घेतो की. आधी तू."

तिनं पेला दोन्ही हातांनी धरला. कोमट होता. वर फेस होता. एवढं दूध एकटीनं प्यायचं कसं हेच तिला कळेना. आधी ओठ लावला, मग एक घोट, अन् मग ती थांबलीच नाही. पेला रिकामा करून तिनं तोंड पदरानं पुसलं. बाहेर गावाची ढोरं रानाला निघाली होती, कुणीतरी त्यांच्या दाराला मुद्दाम लांबून वळसा घालत होतं.

तिनं पेला पुन्हा पुढं केला.

"आजून हाय का?"

शिवशरणानं चरवी वाकडी केली.