तिसऱ्या सिलिंडरची टिकटिक

गोठलेली नदी ओलांडून गाडी पलीकडच्या काठावर चढली आणि इंजिनात टिकटिक सुरू झाली. दांझानने आधी ती ऐकूच आली नाही असं स्वतःला पटवलं. उभा जन्म याच रस्त्यावर गाडी हाकण्यात गेला होता त्याचा. पण नको तो आवाज कानाआड करण्यात ड्रायव्हर लोकांचा हात कोणी धरणार नाही.

गाडी म्हणजे जुनी फुर्गोन, डब्यासारखी उंच व्हॅन. तिचं इंजिन पुढे नाकात नसतं. ड्रायव्हर आणि शेजारची सीट यांच्या मधोमध, एका झाकणाखाली ते बसलेलं असतं, घरातल्या चुलीसारखं. हिवाळ्यात झाकणावर जाड नमदा, म्हणजे दाबून केलेलं लोकरीचं कापड, घालायचा, खिडक्यांच्या फटी नमद्याच्या पट्ट्यांनी बुजवायच्या, म्हणजे आत कोट काढून बसता येतं. बाहेर तर सोडलेला श्वास मिशीवरच गोठत होता.

मागच्या बाकावर त्याची एकुलती एक लेक, सोलोंगो, आडवी झाली होती. सातवा महिना, पाय सुजलेले, रक्तदाब वाढलेला. गावच्या दवाखान्यातल्या बाईंनी हात टेकले होते, "माझ्याच्यानं इथं काही होणार नाही, आजच्या आज शहरात न्या." नवरा दूर दक्षिणेला खाणीवर, म्हणून सोबतीला सासू आली होती, दुलमा. तिच्या हातात जपमाळ आणि मांडीवर खाऱ्या चहाचा थर्मास. दांझानची बायको लेक लहान असतानाच गेली होती. त्याचं म्हणावं असं जगात जे काही होतं ते मागच्या बाकावर होतं.

टिक, टिक, टिक. चढाला जोरात, उताराला बारीक.

"व्याहीबुवा, गाडीत घड्याळ कधी बसवलंत?" दुलमाने विचारलं.

"तुमच्या जपाला ताल धरतंय ते, विहीणबाई."

दोघं हसली. वाटेत वाईट बोलायचं नाही, बोललं की ते ओढवतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. म्हणून दुलमाने घड्याळावर भागवलं.

दांझानला भीती होती ती बेअरिंगची. पिस्टनच्या रॉडचं बेअरिंग गेलं की आधी टिकटिक होते, मग ठोके पडतात आणि शेवटी रॉड इंजिनाची कूस फोडून बाहेर येतो. एकदा त्याच्यावर ती पाळी आली होती. पण तेव्हा उन्हाळा होता आणि गाडीत बकऱ्या होत्या. आज इंजिन बसलं असतं तर त्या माळावर मदत येईस्तोवर आतली ऊब टिकली नसती.

सकाळीच एका टेकाडाच्या आडोशाला त्याने गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. त्या थंडीत बंद केलेलं इंजिन पुन्हा चालू होईल याची हमी कोण देणार?

"आवा, काय झालं?" सोलोंगोने विचारलं. बापाला ती आवा म्हणे.

"काही नाही गं. घोड्याची नाडी बघतोय."

त्याने झाकण उचललं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. वॉल्व्हपाशी आवाज स्वच्छ होता. खाली नेहमीची घरघर. मग हाताला फडकं गुंडाळून तो प्लगच्या वायरी एकेक करून काढू लागला. पहिली काढली, इंजिन लंगडलं, टिकटिक तशीच. ती लावून दुसरी काढली, तशीच. तिसरी काढली आणि टिकटिक थांबली.

त्याने वायर परत लावली. तिसऱ्या सिलिंडरचा जोर काढल्यावर आवाज जातो, म्हणजे एक तर बेअरिंग, नाहीतर धुराच्या नळीचं पॅकिंग. त्याने ऑइलची पट्टी ओढली, ऑइल बोटांवर चोळून उजेडात धरलं. धातूची चमक नव्हती. मग नळी इंजिनाला जोडते तिथे तळहात नेला, आणि तीच टिकटिक तळहाताला लागली, गरम गरम फुंकरांची. जोडावर काजळीचा ओघळही होता.

दांझान मोठ्याने हसला. "पॅकिंग फुटलंय नुसतं! इंजिन ठणठणीत आहे. असल्या टिकटिकीवर मी अख्खा उन्हाळा काढलाय."

"मी म्हटलंच होतं," दुलमा म्हणाली. तिने काहीएक म्हटलं नव्हतं.

तापलेल्या लोखंडात हात घालून पॅकिंग बदलणं तिथे शक्य नव्हतं. पण पोरीला जरा झोप लागावी म्हणून त्याने झाकण लावलं, नमदा चारी बाजूंनी दाबून बसवला, वर आपला मेंढीच्या कातड्याचा कोट पसरला. मागच्या खिडकीची सुटलेली पट्टीही बोटाने आत खोचली. आवाज जवळजवळ मेला. लेकीची काळजी कशी घ्यावी हे मला कोणी शिकवू नये, अशा थाटात गडी परत स्टिअरिंगवर बसला.

दुपार कलली. मागे दोघी झोपल्या, त्याला बरं वाटलं. त्याचंही डोकं जड झालं होतं, जांभयांवर जांभया येत होत्या. सकाळपासून पोटात अन्न नाही म्हणून असेल, असं त्याने धरलं. त्याच्या बाजूच्या दाराचं रबर कधीच झिजून गेलं होतं आणि तिथून बोचरा वारा थेट तोंडावर येत होता. त्या दाराला तो वाटभर शिव्या घालत होता. खरं तर त्या फटीचे त्याने पाय धरायला हवे होते.

खिंडीच्या माथ्यावर ओवो आहे, निळी कापडं बांधलेली दगडांची रास. तिथे हॉर्न वाजवून खिंडीच्या देवतेला नमस्कार करतात. दांझानने तीनदा वाजवला. मागून दुलमाचं पुटपुटणं आलं नाही. ही बाई तापाने फणफणलेली असतानाही ओवो आला की उठून बसायची. त्याने आरशात पाहिलं. तिची मान लोंबत होती आणि माळ पायाशी पडली होती.

"विहीणबाई! सोलोंगो! ए सोलोंगो!"

एकीनेही ओ दिली नाही, आणि त्याला सगळं एकदम कळलं. टिकटिकीवर काढलेल्या त्या उन्हाळ्यात गाडीच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. नमद्याने आवाज अडतो, फुटक्या जोडातून येणारा धुरातला विषारी वायू अडत नाही.

त्याने ब्रेक मारला, दारं उघडली, लेकीला काखेत धरून बाहेर ओढलं. गालांवर बर्फ चोळला, चापट्या मारल्या. आजवर त्याने तिच्यावर हात उगारला नव्हता. ती ओकली आणि तिने डोळे उघडले. मग त्याने दुलमाला काढलं. ती शुद्धीवर आली तीच शिवी घालत, "मेल्या, म्हातारीला गारठवून मारतोस काय?" त्याला रडूच फुटलं.

"डोकं दुखत होतं का गं?" त्याने लेकीला विचारलं.

"मघाशी थांबून निघालो ना, तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात, ठणठणीत आहे. मग वाटेत वाईट कशाला बोलायचं?"

सगळ्या पट्ट्या उपटून, खिडक्या उघड्या टाकून, दोघींना होते नव्हते तेवढे नमदे गुंडाळून त्याने गाडी हाणली. सोलोंगोचा हात पोटावर होता. बाळ हलतंय का, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

दिवेलागणीला ते शहरातल्या दवाखान्यात पोचले. दोघींना ऑक्सिजन लावला. तरुण डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"वायू किती वेळ गेलाय? नीट आठवून सांगा. थोडा वेळ असेल तर बाळाला पोटातच ठेवू, अजून दिवस भरायचेत. जास्त असेल तर आत्ता काढावं लागेल."

"थोडाच वेळ," दुलमा मास्क बाजूला करून चटकन म्हणाली. "खिंडीच्या तोंडाशी गाडीत काहीतरी झालं, व्याह्यांच्या लगेच ध्यानात आलं. त्यांच्यामुळे वाचलो बघा." आणि तिने दांझानकडे असं पाहिलं, की आता तोंड उघडू नका.

सोलोंगोही मास्कवरून त्याच्याकडेच पाहत होती. तिच्या नजरेत माया होती. दांझानला वाटलं, राहू द्यावं हे असंच. पुन्हा कोण विचारायला येणार आहे?

"नाही," तो म्हणाला. "सकाळी एका टेकाडाशी थांबलो, तिथपासून खिंडीपर्यंत. अर्धा दिवस." त्याने दुलमाकडे पाहिलं नाही. "पॅकिंग फुटलंय हे मला तिथंच कळलं होतं. इंजिनाला धोका नव्हता, म्हणून वरून नमदा दाबला आणि निघालो."

डॉक्टरीणबाईंनी लगेच नर्सला हाक मारली. सोलोंगो त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने मान भिंतीकडे वळवली. तिचं स्ट्रेचर ऑपरेशनच्या खोलीत गेलं.

बराच वेळ गेला. नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती. मुठीएवढी होती, काचेच्या पेटीत ठेवली होती, पण रडली होती. दांझान उठून दाराकडे निघाला.

"तुम्ही थांबा," नर्स म्हणाली. "बाळाची आई म्हणते, सासूबाईंना पाठवा."

तोवर ऑक्सिजन काढून बाकावर येऊन बसलेल्या दुलमाने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग ती उठली आणि आत गेली. दांझान परत बाकावर बसला.