खोक्यांखालची खाट

मित्रांनो, मी एक लोखंडी खाट आहे. माझी लांबी सहा फूट, रुंदी अडीच फूट. रंग हिरवा होता, आता बराचसा उडाला आहे. सात वर्षांपूर्वी नावड्याच्या एका छोट्या शेडमध्ये नजीब नावाच्या वेल्डरने मला घडवले. चौथा पाय जोडून झाल्यावर तो स्वतः माझ्यावर आडवा झाला, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळला आणि म्हणाला, “दोन माणसं झोपली तरी वाकणार नाही.” मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. नजीबनंतर आजवर माझ्यावर कोणीही पूर्ण आडवे झालेले नाही.

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मसाल्याच्या कारखान्याने मला विकत घेतले. बायकांच्या टॉयलेटशेजारच्या खोलीत मला ठेवले. दारावर ‘महिला विश्रांती कक्ष’ अशी पाटी लावली. माझ्यावर फुलाफुलांची चादर अंथरली, फोटो काढला. फोटो निघाला, चादर घडी होऊन कपाटात गेली. पुढच्याच आठवड्यात पॅकिंगची रिकामी खोकी माझ्यावर आली. त्यानंतर वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, खोकी उतरत आणि चादर चढत असे. संध्याकाळी पुन्हा खोकी.

ती खोकी रचणारी दुर्गाबाई. वय पंचावन्न, जासईची. तरुणपणी तिने मिठागरात काम केले होते. एखादी मुलगी पोट धरून खोलीत आली की ती म्हणायची, “आमी गुडघाभर खाऱ्या पान्यात उभ्या ऱ्हायलो. आमाला कोनी खाट दिली व्हती?” मुली हसायच्या आणि परत जायच्या. पुन्हा कोणी विषय काढायची नाही.

या कारखान्यात काम जोडीने चालते. एक बाई पाकीट भरते, दुसरी मशीनवर त्याचे तोंड चिकटवते. एक बसली की दुसरीचे काम थांबते आणि बोलणी दोघींना बसतात. म्हणून पाळीच्या दिवसांत कोणी बसत नसे. साहेबाच्या भीतीपेक्षा जोडीदारणीची भीड मोठी होती.

दीक्षा आणि शर्मिला ही अशीच एक जोडी. शर्मिला भरायची, दीक्षा चिकटवायची. दीक्षा तेवीस वर्षांची होती, नावडे कॉलनीत आईबरोबर राहायची. गेल्या वर्षी जानेवारीपासून तिला पाळीत फार रक्त जाऊ लागले. पाच दिवसांचे नऊ झाले. ती दर तासाला खोलीत यायची, माझ्या पायाला पिशवी अडकवायची, आणि टॉयलेटमधून परत आल्यावर भिंतीला टेकून थोडी थांबायची. पुन्हा पुन्हा जावे लागू नये म्हणून पाणी प्यायची नाही. एकदा तिने कोपऱ्यातली दोन खोकी बाजूला केली आणि माझ्या कडेवर टेकली. तेवढ्यात शर्मिला आत आली.

“काय गं राणीसाहेब, झोपा काढताय?”

“छे गं! चप्पल नीट करत होते.”

“डेट आलीय का तुझी? चेहरा बघ कसा झालाय.”

“कुठली डेट! रात्री झोप नाही झाली. चल, केतनसर येतील.”

केतन म्हणजे त्यांचा सुपरवायझर. दीक्षा उठून गेली. शर्मिला मात्र थांबली. ब्लाउजमधून गोळीची पट्टी काढून तिने एक गोळी पाण्याशिवाय गिळली आणि पोट दाबून, खोक्यांवर कपाळ टेकवून उभी राहिली. तिचीही पाळी चालू होती. हे तिने दीक्षाला सांगितले नाही. मला दोघींचे ठाऊक होते, पण मला तोंड नाही.

यंदा बारा मार्चला, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी भिंतीपलीकडच्या मशीनचा आवाज तुटला. मग शर्मिलाची किंकाळी आली. दीक्षा उभ्या उभ्या घेरी येऊन कोसळली होती. पडताना तिचा उजवा तळहात मशीनच्या तापलेल्या पट्टीवर दाबला गेला होता.

चौघींनी तिला उचलून माझ्या खोलीत आणले. दारातच त्या अडखळल्या. माझ्यावर छतापर्यंत खोकी होती. दुर्गाबाई पुढे धावली आणि खोकी ओढू लागली. तिनेच ती सुतळीने घट्ट बांधली होती. गाठी सुटेनात. शेवटी तिने एक खोके फाडून फरशीवर पसरले आणि दीक्षाला त्या पुठ्ठ्यावर निजवले. माझ्यापासून हातभर अंतरावर.

दीक्षाने डोळे उघडले. शर्मिला तिच्या भाजलेल्या हातावर पाणी ओतत होती.

“सांगायचं ना गं! मी सांभाळलं असतं दोघींचं.”

दीक्षा हळू आवाजात म्हणाली, “तू तरी कुठं सांगितलंस? तुझी गोळीची पट्टी मी रोज बघते.”

दुर्गाबाईच्या हातात अजून सुतळी होती.

रुग्णालयात दीक्षाचे हिमोग्लोबिन साडेचार भरले; ते बारा तरी हवे. तीन बाटल्या रक्त चढवावे लागले. डॉक्टरांनी सांगितले की हे महिनोन्महिने चालले होते, पहिल्याच महिन्यात दाखवायला हवे होते. ती वाचली. पण उजव्या हाताची बोटे आता पूर्ण मिटत नाहीत, आणि ती कारखान्यात परत आली नाही. तिच्या जागी गीतांजली नावाची नवी मुलगी उभी राहते.

त्या दिवशी खोकी उतरली आणि पुढचे अकरा दिवस मी रिकामी होते. मग पाडव्याची ऑर्डर आली आणि माझ्यावर पुन्हा खोकी चढू लागली. तेव्हा दुर्गाबाईने माझ्या उशाकडचा भाग हाताने अडवला.

“हितं नको ठेवू. ही जागा ऱ्हाऊ दे.”

“मावशी, मग खोकी कुठे ठेवू?” केतनने विचारले.

“माज्या डोक्यावर ठेव!”

त्या दिवसापासून तेवढी जागा मोकळी आहे. महिन्यातून एकदा दुर्गाबाई शर्मिलाला हाताला धरून आणते. “बस जरा. तुजी पाकिटं मी भरतंय,” म्हणते आणि जाते. शर्मिला पाणी पिते, दहा मिनिटे बसते. गीतांजली अजून माझ्यावर बसलेली नाही. ती भिंतीला टेकून उभी राहते आणि विचारले की म्हणते, रात्री झोप झाली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशी कोणी असेल. आपल्याला दुखते असे ती सांगणार नाही, कारण तिचे काम कोणावर पडेल याचा हिशेब तिने आधीच केलेला असतो. तिने मागण्याची वाट पाहू नका. तिचे काम हातात घ्या आणि तिला निजू द्या. रक्त जास्त जात असेल तर डॉक्टरकडे न्या, पडण्याआधी न्या. आणि मुलींनो, तुम्ही एकमेकींपासून लपवू नका.

माझी लांबी सहा फूट आहे. त्यातले दोन फूट मोकळे झाले आहेत. तेवढ्यात बसता येते. आडवे व्हायला अजून चार फूट हवेत.