फ्लॅशशिवाय

“काकू, ह्या लेन्समध्ये अख्खा डोंगर मावतो,” नीलेश म्हणाला.

“डोंगर माझा कोण लागतो?” राजकुंवरबाईंनी विचारलं.

जळगावच्या त्या कॅमेऱ्याच्या दुकानात एसी चालू होता, तरी नीलेशच्या कपाळावर घाम आला. सराफाने बांगड्या मांडाव्यात तशा त्याने मखमलीवर लेन्स मांडल्या होत्या. बाईंशेजारी त्यांचा मुलगा अर्हम उभा. त्याची पसंती घरूनच ठरून आली होती : सोळा-पस्तीस, एफ फोर. त्याच्या भटकंतीच्या ग्रुपमध्ये सगळ्यांकडे तीच होती. ही मंडळी दर रविवारी पहाटे उठून साक्रीकडच्या डोंगरांत जात, सूर्याची वाट बघत, आणि सूर्य उगवला की एकमेकांच्या बॅगा बघत बसत.

“मम्मी, लँडस्केपला वाइडच लागते. तू मधे बोलू नको ना.”

“लेन्स मी घेऊन देतेय. बोलू नको तर काय, दुकानात माळ ओढू?” बाई नीलेशकडे वळल्या. “फ्लॅश नाही. बल्ब नाही. दिवासुद्धा नाही. खिडकीतून येईल तेवढाच उजेड. त्यात माणसाचा चेहरा आला पाहिजे. आहे का तशी?”

“आता मोबाईलमध्येपण नाइट मोड येतो, काकू...”

“बघितला तुझा नाइट मोड. भुताला पावडर लावल्यासारखं दिसतं माणूस.”

नीलेशने चार लेन्स मागे सारल्या आणि कपाटातून पाचवी काढली. “ही बघा. चोवीस, वन पॉइंट एट. तोंड मोठं आहे हिचं, अंधारात चालते. अर्हमभाऊंचा डोंगरही बसेल. फक्त, चेहरा मोठा हवा असेल तर जवळ जावं लागेल. अगदी हातभर. लांबून काढला तर माणूस मुंगीएवढा येईल.”

“हातभर?” बाईंनी लेन्स तळहातावर तोलली. भाजीवालीच्या मापाकडे बघावं तशा संशयाने तिच्या काचेत पाहिलं. “दे. हीच दे.”

“ना धड झूम, ना काही,” अर्हम पुटपुटला.

कोणाचा चेहरा, हे त्याने विचारलंच नाही. तो खोक्यावरची माहिती वाचत होता.

चेहरा हवा होता चेलनाचा. राजकुंवरबाईंची थोरली. तिने दीक्षा घेतली त्याला सहा वर्षं झाली. त्या दिवशी जळगावात वरघोडा, म्हणजे दीक्षेची मिरवणूक, निघाला, बँड वाजला, रथातून मुलीने दोन्ही हातांनी संसार उधळला, आणि ज्यांना आपल्या पायातली जुनी चप्पल सुटत नाही त्यांनी माइकवरून त्यागाचं महत्त्व सांगितलं. “धन्य ती माता!” असं तर इतक्यांदा म्हटलं गेलं, की राजकुंवरबाईंना त्या शब्दाची शिसारीच बसली. नंतर कोणी भेटलं आणि ‘धन्य’ म्हणालं, की त्या सरळ विचारत, “तुमच्या घरात कधी आहे धन्य?” समोरचा माणूस चहा न घेताच उठे.

फोटोग्राफरने त्या दिवशी फ्लॅश मारमारून शेकडो फोटो काढले. सगळ्या फोटोंत पाहुण्यांचे दात उघडे आणि चेलनाचे डोळे मिटलेले. शांतीलालजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, त्याचा जाडजूड अल्बम करून दिवाणखान्यात ठेवला होता. भांड्यांच्या दुकानात बसणारा माणूस. वस्तू जाड असली की चांगली, एवढंच त्यांना कळे.

साध्वी झालेली मुलगी घरी येत नाही. तिचा समुदाय पायी राजस्थानात गेला. आणि गेल्या वर्षभरात बाईंच्या ध्यानात आलं, की मुलीचं चालणं आठवतं, अक्षर आठवतं, पण चेहरा आठवायला गेलं की तो मिटल्या डोळ्यांचा अल्बममधलाच पुढे येतो. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोणीतरी पुन्हा ‘धन्य’ म्हणालं असतं.

मग उन्हाळ्यात कळलं, चेलनाच्या समुदायातल्या महासतीजी, म्हणजे साध्वी, धुळ्यावरून पिंपळनेरला चातुर्मासाला निघाल्यात. साक्रीच्या पुढे एका गावच्या शाळेत मुक्काम आहे.

ह्या समुदायाचे नियम कडक. विजेचा दिवा नाही, माइक नाही. दिवसा दारात बिल्ला लावलेले स्वयंसेवक उभे राहून मोबाईल-कॅमेरे बाहेर ठेवायला लावत. पण बाईंनी हिशेब केला होता. स्वयंसेवक पुरुष. सूर्य मावळला की साध्वींच्या मुक्कामी पुरुषाने थांबायचं नसतं. बिल्ल्यासकट सगळे बाहेर. आत राहणार फक्त बाया आणि अंधार. म्हणूनच फोटो काढायचा तर तो त्यांनाच काढावा लागणार होता. अर्हमची सगळी विद्या सूर्य मावळला की फाटकाबाहेर.

त्या शिकल्या. घरात दिवाबत्तीच्या आधी शांतीलालजींना ओट्यावर बसवून त्यांनी सराव केला.

“साठीत हे काय खूळ?” शांतीलालजी म्हणाले. सूर्यास्ताआधीचं जेवण उरकून ते दात कोरत होते.

“हलू नका. फोटोत तुमचं काही बिघडणार नाहीये, जे बिघडायचं ते आधीच बिघडलंय.”

“अगं, पण कशाला?”

“डोंगराचे काढायचेत. निसर्गाचे.”

“निसर्ग!” शांतीलालजी हसले. “चाळीस वर्षांत कधी कुंडीला पाणी घातलं नाहीस.”

साक्रीपुढच्या त्या शाळेच्या पटांगणात दुपारी मांडव घातला होता. धुळ्याहून गाड्या आल्या होत्या. कोणी साध्वींच्या दर्शनाला आलं होतं, कोणी कोण कोण आलंय त्याच्या दर्शनाला. मांडवाबाहेर आमरसाची पातेली उतरत होती आणि वैराग्यावरच्या प्रवचनाला आलेली माणसं पंगत कधी बसणार ते हळूच विचारून घेत होती. शांतीलालजी आणि अर्हम पुरुषांत बसले, राजकुंवरबाई बायकांत मागे. सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसायचं आसन आणि माळ ठेवलेल्या पिशवीत तळाशी कॅमेरा. आत येताना दारातल्या स्वयंसेवकाने पिशवीकडे पाहिलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “उघडू? की माझ्या सामायिकाचीही झडती घेणार?” तो बाजूला झाला.

आणि मग थोरल्या गुरुणीजींनी ढाळ धरली.

ढाळ म्हणजे गाऊन सांगितलेलं प्रवचन. माइक नाही, पेटी नाही, तोंडावर बांधलेल्या मुहपत्तीच्या आडून येणारा एका म्हातारीचा आवाज. एका राजपुत्राने मुकुट उतरवला, त्याची आई दारात उभी राहिली, एवढीशीच गोष्ट. पण ती म्हातारी आईचं बोलणं गाई तेव्हा आवाज खाली उतरे, जिना उतरावा तसा, एकेक पायरी; आणि पटांगणातल्या पंख्यासारख्या हलणाऱ्या पदरांचा वाराही थांबे. आमरस विसरला गेला. ज्याला गळ्यातला देव एकदा ऐकू आला, त्याला पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही. तो आपोआप मान खाली घालतो. ध्रुपद मागच्या चार साध्वींनी उचललं. त्यांतला एक आवाज जरासा उशिरा सुरू होई आणि सगळ्यांच्या नंतर थांबे.

राजकुंवरबाईंनी पदर तोंडावर धरला. शेजारणीला वाटलं, बाई जांभई देतायत.

सूर्य टेकला. “पुरुषांनी बाहेर व्हावं,” हाक आली. शांतीलालजी आणि अर्हम साक्रीच्या धर्मशाळेकडे निघाले. राजकुंवरबाई राहिल्या. वर्गातली बाकं एका बाजूला रचलेली, खाली चटया, फळ्यावर कोणीतरी काढलेला अर्धा पोपट. अंधारात प्रतिक्रमण, म्हणजे दिवसभराच्या चुकांची कबुली, झालं. गावच्या बायका घरी गेल्या. खिडकीतून चांदणं आत आलं आणि फरशीवर पडून राहिलं. गुरुणीजी पलीकडच्या भिंतीशी आडव्या झाल्या. बाईंनी पिशवीत हात घातला.

तेवढ्यात भक्कन उजेड झाला.

“अंधारमा काय बठनात, माय!” दारात लताबाई. शाळेची खिचडी शिजवणारी. किल्ल्या तिच्याकडेच असत. हात अजून बटणावर. “आमना सप्ताहमा महाराज कीर्तन करस, तव्हय एवढाला फोकस लावतस. आनि तुम्हना आठे एक ट्यूब बी नही?”

पाचही साध्वींनी झटकन चादरी डोक्यावरून पुढे ओढल्या. विजेचा उजेड म्हणजे अग्नी, आणि अग्नीतही जीव. तो अंगावर घ्यायचा नाही. झगझगीत उजेडात वर्ग दिसत होता, बाकं दिसत होती, पोपटाची चोचही दिसत होती. साध्वी म्हणून फक्त पाच पांढरी गाठोडी. त्यांतलं आपलं कोणतं, हे आईलाही सांगता येईना.

“बंद कर, बाई, बंद कर!” राजकुंवरबाई ओरडल्या.

ट्यूब विझली. “मन्हं चुकनं, माय,” लताबाईचा आवाज खाली आला. मग ती हळूच बाईंच्या कानाशी वाकली. “यामा कोनी तुन्ही पोर शे का?”

“कोणी सांगितलं?”

“कोनी सांगाले कशाले पाहिजे? मघाशी गानं चालू व्हतं तव्हय तू रडत व्हती.” आणि ती गेली.

गाठोड्यांपैकी एक उलगडलं आणि खिडकीकडे सरकलं.

“दया पाळो,” चेलनाने साध्वींच्या रीतीने आशीर्वाद दिला. आता तिचं नाव महासती चारुप्रभाजी होतं.

“बरी आहेस? आहात?”

“साता आहे.”

“पाय?”

“चालतात.”

एवढ्या वर्षांनी मायलेकी भेटल्या आणि पोस्टमनशी बोलावं तेवढं बोलल्या. राजकुंवरबाईंना स्वतःचाच राग आला. त्यांनी कॅमेरा बाहेर काढला. “ह्याला फ्लॅश नाही. आवाजही बंद केलाय. मुद्दाम ही लेन्स घेतली. एकच काढते.”

“त्यात बॅटरी असते, श्राविकाजी.” साध्वीला आईही बाकीच्या बायांसारखी श्राविकाच.

फ्लॅश, बल्ब, दिवा, सगळे अग्नी त्यांनी गाळले होते. घरच्या बोर्डाला रात्रभर लावून ठेवलेली ती बॅटरी तेवढी ध्यानात आली नव्हती.

“एवढीशी बॅटरी!”

“एवढ्याशा मुंगीलाही आपण चुकवूनच चालतो ना?”

“वा!” राजकुंवरबाई फटकन म्हणाल्या. “मुंगीला चुकवता, किड्याला चुकवता, तशी आईलाही चुकवता. माझ्यासाठी तेवढं एक पाप नाही होत?”

चेलनाने चटईवरून कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “काय करायचाय फोटो?”

“तुझा चेहरा आठवत नाही मला.” तोंडातून निघून गेलं. “ऐकलंस? आई आहे मी, आणि आठवत नाही.”

बाहेर कुत्रं भुंकलं, थांबलं.

“मलाही नाही आठवत,” चेलना म्हणाली.

“काय?”

“माझा चेहरा. आम्ही आरसा बघत नाही. आता कसा दिसतो, मला माहीत नाही.”

राजकुंवरबाईंनी कॅमेरा चटईवर ठेवला. गुडघ्यांवर सरकत त्या पुढे झाल्या, मुलीचा श्वास ऐकू येईपर्यंत. चांदणं अर्ध्याच चेहऱ्यावर होतं, आणि मुहपत्तीच्या वर जेवढं उरतं तेवढंच उघडं. त्या बघत राहिल्या. मग बोलू लागल्या. गव्हातले खडे वेचावेत तशा, एकेक शब्द बाजूला काढत.

“कपाळ रुंद झालंय. तुझ्या आजीसारखं. तिच्यासारखी आठी नाही पडलेली अजून, देवाची कृपा. डाव्या भुवईतला व्रण आहे. झोक्यावरून पडली होतीस तो. डोळ्यांखाली काळं आलंय, उन्हाने. केस ओढून काढता ना, तिथे कानाशी कातडी सुजलीय. पापण्या... पापण्या तशाच. डोळे उघडे आहेत.”

चेलना ऐकत होती. मुहपत्तीचं कापड श्वासाबरोबर हलत असतं; ते हलत नव्हतं.

“आणि?” तिने विचारलं.

“आणि सुंदर आहेस.”

कापड हललं. “बस, श्राविकाजी.” तिने दोन्ही हात जोडले. “मिच्छामि दुक्कडं. हे मी ऐकायला नको होतं. मला गोड वाटलं. सकाळी गुरुणीजींना सांगून प्रायश्चित्त घेईन.”

“काय देतील?”

“एखादा उपवास.”

टोमणा जिभेवर आला होता. बाईंनी तो गिळला. “मग माझाही उद्या उपवास,” त्या म्हणाल्या. “गोड मलाही वाटलंय.”

सकाळी सूर्य वर आला तेव्हा साध्वी निघाल्या. अर्हम आणि शांतीलालजी गाडी घेऊन पोचले होते. रस्ता सरळ पश्चिमेला, दोन्हीकडे निंब, पुढे वळण, वळणामागे डोंगर कोवळ्या उन्हात उजळलेले.

“मम्मी, कॅमेरा दे, कॅमेरा! काय लाइट आहे!”

बाईंनी दिला. अर्हम रस्त्याच्या कडेला गुडघा टेकून बसला, डोळा लावला आणि कॅमेरा खाली घेतला.

“काय झालं?” शांतीलालजींनी विचारलं.

“महासतीजी फ्रेममध्ये येतायत. त्यांचा फोटो घ्यायचा नसतो. वळणापलीकडे जाऊ देत, मग घेतो.”

“शहाणा आहेस,” शांतीलालजी म्हणाले, आणि लांबूनच हात जोडले.

पाच पांढऱ्या आकृती लहान होत गेल्या. सगळ्यांत मागची कडेच्या मातीतून चालत होती, पायाखाली बघत. एकेक करून वळणामागे गेल्या. शेवटची गेली.

अर्हमने बटण दाबलं. “बघ मम्मी, काय स्वच्छ आलाय!”

राजकुंवरबाईंनी पदराची सावली धरून पाहिलं. रस्ता आला होता, निंब आले होते, अख्खा डोंगर आला होता. वळणापाशी जमिनीलगत जराशी धूळ होती.

“ती धूळ ना? ती एडिटमध्ये काढून टाकतो,” अर्हम म्हणाला.

“राहू दे,” राजकुंवरबाई म्हणाल्या.